आई-बाबांना घेऊन मुक्तिनाथला: जाणाऱ्यांसाठी थोडं

दिवाळीनंतर आई-बाबांना मुक्तिनाथ आणि पशुपतिनाथाचं दर्शन घडवलं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सोनौलीची हद्द, पोखरा, जोमसोम, मुक्तिनाथ आणि शेवटी काठमांडू. नेपाळात देव ओळखीचे, हिंदी चालते, व्हिसा लागत नाही. त्यामुळे बरेच जण काशीला निघावं तसे निघतात. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी तरी तसं करू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आणि तेही मूळ. आधार कार्डावर प्रौढांना सोडत नाहीत; सवलत आहे ती 15 वर्षांखालच्यांना आणि 65 च्या वरच्यांना, त्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. सोनौलीच्या कमानीखालून माणसं सहज ये-जा करताना दिसतात, म्हणून रस्त्यानं जाणारे गाफील राहतात. परतीचं विमान काठमांडूहून असेल तर हीच कागदपत्रं तिथे मागतात. स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी हद्दीवरच्या भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयात परवाना काढावा.

पैशांचं सोपं आहे. आपल्या 100 रुपयांचे तिथले 160. शंभराच्या नोटा न्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, निघण्याआधी ताजी माहिती घ्या. काठमांडू-पोखऱ्यात बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं, पण वर मुस्तांगात, म्हणजे जोमसोम-मुक्तिनाथच्या जिल्ह्यात, रोख लागते.

खरी काळजी रस्त्याची. ऑगस्ट 2024 मध्ये पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि 27 जण गेले. त्यातले बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले. त्याच्या आदल्याच महिन्यात त्रिशूली नदीकाठच्या महामार्गावर पहाटे दरड कोसळून दोन बस वाहून गेल्या होत्या. त्या रस्त्यानं आम्ही गेलो तेव्हा आईनं खिडकीतून खाली एकदाच पाहिलं आणि मग हातातली जपमाळ सोडली नाही. म्हणून आषाढ ते भाद्रपद जाऊच नका, आणि कोणत्याही महिन्यात रात्रीची बस घेऊ नका. यात्रा कंपनी एक दिवस वाचवण्यासाठी रात्रीचा प्रवास सुचवत असेल तर दुसरी कंपनी बघा. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या ड्रायव्हरला 'अजून थोडं पुढे जाऊ' असा आग्रहही करू नका.

दुसरी काळजी उंचीची. पोखरा साधारण 820 मीटरवर, मुक्तिनाथ 3,700 च्या वर. जीपनं एका दिवसात हे अंतर कापता येतं, पण म्हाताऱ्या शरीराला ते झेपेलच असं नाही. आम्ही वाटेत मार्फा गावात मुक्काम केला, सफरचंदाच्या बागांमध्ये संध्याकाळ छान गेली आणि बाबांना पुढे त्रास झाला नाही. डोकं दुखलं, उलटी झाली, चालताना तोल गेला तर दर्शनाचा हट्ट न धरता लगेच खाली उतरा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी घरूनच बोला. जीप थांबते तिथून देवळापर्यंत चढ आहे, घोडे मिळतात. देवळामागच्या 108 धारांचं पाणी बर्फासारखं असतं. ज्येष्ठांनी ते डोक्यावर शिंपडलं तरी पुष्कळ. या भागासाठी अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना लागतो. तो पोखऱ्यातच काढावा, सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही, नागरिकांना सवलत आहे.

आपली आरोग्य विमा पॉलिसी भारताबाहेर लागू होते का ते तपासा. प्रवास विमा घेताना 4,000 मीटरपर्यंतची उंची आणि हेलिकॉप्टरनं सुटका, दोन्ही त्यात असल्याची खात्री करा.

जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, कारण नंतर कालीगंडकीच्या खोऱ्यात जोराचा वारा सुटतो. एखाद्या दिवशी विमान रद्द होणारच असं धरून एक दिवस मोकळा ठेवा. सप्टेंबर 2025 च्या आंदोलनात काठमांडूचा विमानतळच बंद पडला होता, तेव्हा अडकलेल्यांना अशा मोकळ्या दिवसाचं आणि हाताशी असलेल्या रोख रकमेचं मोल कळलं असेल. तिथे एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉमचं सिम घ्या. पोलीस 100, रुग्णवाहिका 102, पर्यटक पोलीस 1144; हे आकडे आणि काठमांडूतल्या लैनचौरच्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून आई-बाबांच्याही खिशात ठेवा.