जब्दीच्या मचव्यातली माणसे

सकाळी पावणेदहाला एचपीएलसीचा, म्हणजे गोळीत औषध किती हे मोजणाऱ्या चाचणीचा, निकाल आला : ९३.६ टक्के. मर्यादा ९५ ते १०५ ची. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात पाच लाख गोळ्या पिंपांत भरून ठेवलेल्या होत्या, पलीकडे गोळ्या पाकिटात बंद करणारे ब्लिस्टर मशीन तापलेले होते, पट्ट्यापाशी कंत्राटदाराच्या चौदा बायका टोप्या घालून उभ्या होत्या. त्यात महिनाअखेर. प्रयोगशाळेतल्या नोंदी तपासून सही करण्याचे काम माझे.

चाचणी केली होती दांडिया बाजारातल्या एका मुलीने. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. उत्पादन विभागाचे साहेब आले आणि तिच्याशीच बोलले. म्हणाले, नवा नमुना घे, चालवून बघ, बसला तर तोच पहिला म्हणून लिही. माझ्याकडे वळून म्हणाले, "जवा दो ने, साहेब. दीड टक्क्याने कोण मरतंय?"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. सरासरी ९३.६ असलेल्या गोळीने कुणी दगावेल असे मीही म्हणणार नाही. पण सरासरी इतकी खाली असली, तर त्या पाच लाखांत एखादी गोळी किती खाली असेल हे सरासरी सांगत नाही. आणि सही ही साक्ष असते. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा न्यायालयाच्या पिंजऱ्यापुरती आहे असे मला कधी वाटले नाही. बॅच रेकॉर्डच्या शेवटच्या पानालाही ती लागू आहे.

अशा वेळी करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. पहिले द्रावण फेकायचे नाही. स्टँडर्डची, म्हणजे प्रमाण ठाऊक असलेल्या शुद्ध औषधाच्या द्रावणाची, यंत्रात टोचलेली पाच इंजेक्शने पाहायची : त्यांतला फरक ०.४ टक्के निघाला, चालतो २ पर्यंत. वजनकाट्याची छापील चिठ्ठी पाहायची. २० गोळ्या कुटून घेतलेली पूड १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये पुरती विरघळली होती का? ध्वनिलहरींनी द्रावण हलवणाऱ्या सोनिकेटरमध्ये वीस मिनिटे ठेवायची असते. दहाच ठेवली तर औषध तळाशी राहते आणि निकाल खाली येतो. गाळताना पहिले ५ मिलिलिटर टाकून दिले का? न टाकल्यास गाळणीचा पापुद्रा थोडे औषध धरून ठेवतो. सगळे ठीक होते. तीच बाटली पुन्हा टोचली : ९३.५. त्याच मूळ द्रावणातून नवे पातळ केले : ९३.७. चूक प्रयोगशाळेची नव्हती. आता पास होईपर्यंत तपासत राहणे म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारणे. १९९३ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने एका औषध कंपनीच्या खटल्यात हेच चुकीचे ठरवले होते.

मी वहीत लिहिले की पहिला निकाल कायम ठेवण्याचा निर्णय माझा आहे, आणि खाली वेळ टाकली. त्या मुलीचा हात त्यातून सुटावा म्हणून. पूर्ण सुटला नाही. पुढचे दोन महिने साहेब तिच्याशी बोलले नाहीत, आणि कायम होण्याचा तिचा कागद एका तिमाहीने पुढे गेला. खाली मान घालून नवा नमुना घ्यायला ती मोकळी होती. तिची ती वाट मी बंद केली होती.

साडेअकराला पट्टा थांबवला. चौदाही जणींना अर्ध्या रोजावर घरी पाठवले. फाटकापाशी खानदेशातल्या एक मावशी थांबल्या होत्या. रागाने नाही, सरळ विचारल्यासारखे म्हणाल्या, "गोळी खराब तुमची साहेब, अर्धा दिवस कापला आमचा."

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात याकोब आणि योहान येशूची हाक ऐकून उठतात आणि बाप जब्दी मोलकऱ्यांबरोबर मचव्यात मागे राहतो. प्रवचनांत आम्ही नेहमी त्या दोन मुलांबरोबर किनारा सोडतो. अर्धवट नीट केलेली जाळी कुणी पुरी केली, त्या मोलकऱ्यांचे काम किती वाढले, हे विचारत नाही. कवी नारायण वामन टिळकांचेही तसेच. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या घरी त्यांची भजने अजून म्हटली जातात. पण त्या आज्ञापालनाची पहिली झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बसली. त्या तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या, आणि बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १९०० साली. मधली वर्षे त्यांनी निवडलेली नव्हती.

म्हणून आज्ञा मोडावी असे माझे म्हणणे नाही. पण कुठली गोष्ट देवाची आज्ञा आणि कुठली माझी सोय, हे वेगळे करायला हवे. रविवारी सकाळची पाळी मला देत नसत, कारण फतेगंजातली उपासना. ती पाळी वर्षभर एकच सहकारी करत होता, आणि त्याच्या लहान मुलाला बापाचा रविवार ठाऊक नव्हता. संध्याकाळचीही उपासना असते. सकाळची ती सवलत मी सोडू शकत होतो, त्या दिवसानंतर सोडली. सही मात्र सोडता येत नव्हती. दुसऱ्याला सोसावे लागणारच असेल, तर त्यातले जेवढे आपल्या अंगावर घेता येईल तेवढे घेतलेच पाहिजे.

कारण सापडायला चार दिवस लागले. ओल्या दाण्यांना सुकवणाऱ्या एफबीडी यंत्रात वर बोटांसारख्या लांब पिशव्यांची कापडी फिंगर बॅग असते. हवा खालून येते, दाणे उसळतात, बारीक भुकटी या कापडात अडते आणि झटकली की परत खाली पडते. एका बोटाच्या शिवणीपाशी चार बोटे लांब उसवले होते. तिथून भुकटी निसटत राहिली. दाण्यांचे एकूण वजन ९८.१ टक्के भरले, मर्यादा ९८. म्हणून कुणाला शंका आली नाही. पण गोळीत मूळ औषध जेमतेम पाव भाग, आणि उडाली ती नेमकी औषधाने भरलेली बारीक भुकटी. वजनात दोन टक्क्यांची वाटणारी घट औषधात सहाची झाली. बॅच नष्ट केली.

चेकलिस्टवर 'बॅग अखंड' यापुढे बरोबरची खूण होती. डभोईहून येणारे एक काका ते यंत्र चालवत, अकरा वर्षे. न पाहता खूण केल्याचे त्यांनी लगेच कबूल केले; रात्रपाळीत बॅग उतरवायला दोन माणसे लागतात आणि ते एकटे होते. मी अहवालात हे दुसरे वाक्यही लिहिले, ठळक लिहिले, आणि बैठकीत वाचून दाखवले. कंत्राटदाराने पहिलेच वाक्य वाचले. काकांना दुसऱ्या आठवड्यापासून बोलावले नाही.

मावशींच्या रोजाविषयी मी तीनदा अर्ज केला. मागचा अर्धा दिवस मिळाला नाही. इतके झाले की आता बॅच अडकली तर पट्ट्यावरच्या बायकांना खोकी बांधणे, लेबले मोजणे अशी राखून ठेवलेली कामे देतात आणि रोज पुरा भरतो.

एफबीडीच्या चेकलिस्टमध्येही एक ओळ वाढली : बॅग उतरवून प्रत्येक बोट आतून दिव्यावर धरून पाहावे, दोघांनी, दोघांच्या सह्या. रात्रपाळीला आता दोन माणसे असतात. दोन्ही नवी आहेत.