आमची वाटचाल: एका वन आरकेपासून चाव्यांच्या सहा जुडग्यांपर्यंत

घरं भाड्याने द्यायच्या आणि सांभाळायच्या आमच्या या कामाला माझा नवरा हौसेने 'फर्म' म्हणतो. प्रत्यक्षात आमच्या मुलुंडच्या हॉलमधलं एक लोखंडी कपाट, त्यात सहा फायली, चाव्यांचे सहा जुडगे आणि एक लांबडं रजिस्टर, झालं आमचं ऑफिस. दोन घरं आमची, चार नात्यातल्यांची, जे पुण्यात नाहीतर बाहेरदेशी असतात आणि ज्यांना भाडेकरूचे फोन घ्यायचे नसतात. ते फोन मी घेते, त्याचे भाड्यातले पाच टक्के.

सुरुवात ठरवून केलीच नव्हती. सासऱ्यांनी रिटायरमेंटच्या पैशांतून भांडुपला टेंभीपाड्यात वन आरके, म्हणजे एक खोली आणि किचन, घेतलेली, ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि ती रूम बंद पडून राहिली. 2010 ची गोष्ट. बंद घराला वाळवी लागते म्हणून भाड्याने देऊया एवढाच विचार. तेवढ्यात सासूबाईंच्या गावचा एक मुलगा आला, कुडाळकडचा, बायको आणि लहान बाळ, बोलायला एकदम गोड. सासूबाई म्हणाल्या, "आपलोच माणूस आसा, कागद कित्याक?" तरी नवऱ्याने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतली आणि आम्हाला वाटलं आपण फार व्यवहारी.

वर्षभर नीट चाललं. मग भाडं दहा तारखेचं वीसवर, वीसचं पुढच्या महिन्यावर. अकरा महिन्यांचा कागद कधीच संपलेला, मी खाली करा म्हटलं की "काकू, दोन महिन्यांत बघतो". असे दोन-दोन करत चौदा महिने गेले आणि त्यातले पाच महिने भाडंच नाही. शेवटी एका वकिलांकडे गेलो. त्यांनी तो नोटरीचा कागद बघून बाजूला सरकवला आणि 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 वाचून दाखवलं. करार लेखी आणि रजिस्टर्ड करायची जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर अटी काय ठरल्या होत्या यावर भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे पैसे आमचे अडकलेले आणि चुकलेलेही आम्हीच! मी तिथून बाहेर पडून खालच्या टपरीवर चहा घेतला आणि नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही.

तो मुलगा शेवटी कायद्याने नाही, गणपतीत गेला. सासूबाईंनी गावाला त्याच्या मोठ्या काकांना आरतीनंतर चार माणसांत विचारलं, पंधरा दिवसांत रूम रिकामी. भाड्याचे 45 हजार, त्यातून डिपॉझिटचे 20 वळते केले, उरलेले सोडले. लाईटबिल 6,740 ते पण आम्हीच भरलं.

त्यानंतर एकही घर रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसेन्सशिवाय, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरतं घर वापरायला द्यायच्या कराराशिवाय, दिलं नाही, सख्ख्या मावसभावाला पण नाही. तो रागावला होता, नंतर बोलायला लागला. लोक खर्चाला उगाच घाबरतात. स्टॅम्प ड्युटी म्हणजे सगळ्या मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, त्याचे पाव टक्का. 26 हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने, तर हे साडेसातशेच्या आसपास येतं, रजिस्ट्रेशनचे हजार वेगळे. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधार लावून दहा मिनिटांत काम. फक्त आमच्या सासूबाईंचे अंगठे उठत नाहीत, आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेल्यात, म्हणून त्यांच्या वेळी दहाही बोटं लावून बघावी लागतात, मग एखादं लागतं. आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही तर त्याच भाडे कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तंट्यांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं, दुप्पट भाड्याची तरतूद आहे, हे मी चाव्या देतानाच हसत हसत सांगून टाकते. आजवर जायची वेळ आली नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती आता ऑनलाईन होते, पूर्वी फॉर्म घेऊन चौकीत बसावं लागायचं.

कागद झाला की बाकीचं काम उरतं ते नळाचं. खरंच सांगते, हा धंदा घरांचा नाही, पाण्याचा आहे. 2017 च्या जुलैत मुलुंडच्या नवघर रोडवरच्या आमच्याकडच्या एका फ्लॅटखालच्या आजींच्या किचनमध्ये सिलिंगला डाग पडला, सेक्रेटरींचं पत्र आलं. भाडेकरू म्हणतो मी काही केलं नाही, प्लंबर म्हणतो बाहेरची भिंत झिरपतेय, पावसात काय सगळंच ओलं. मी एका रविवारी सकाळी स्वतः जाऊन बसले. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या तोंडाला, फडक्याचा बोळा कोंबला, लादीवर दोन बोटं पाणी भरलं, दारात जुना टॉवेल दाबला आणि भाडेकरूंना सांगितलं आजचा दिवस आंघोळ शेजारी करा. संध्याकाळी खाली आजींकडे गेले तर डागाच्या मधोमध एक थेंब लोंबत होता, पडेना आणि वाळेना. आजी स्टुलावर बसून त्याच्याचकडे बघत होत्या, म्हणाल्या, "बघ, दुपारपासून आलाय." लादी फोडली, ट्रॅपच्या बाजूचा कोबा, लादीखालचा सिमेंटचा थर, पोकळ झालेला. वॉटरप्रूफिंग, लाद्या, मजुरी धरून 38 हजार गेले. आणि गंमत बघा, इन्कम टॅक्समध्ये घरभाड्यातून दुरुस्तीसाठी तीस टक्के सरसकट वजा मिळतात, तुम्ही 38 हजार घाला नाहीतर शून्य घाला, आकडा तोच. म्हणून बरेच मालक शून्य घालतात. मला ते जमत नाही, कारण त्या आजी मला बाजारात भेटतात.

सोसायट्यांचा विषय काढू नये, पण काढते. एका ठिकाणी भाडेकरू ठेवलाय म्हणून महिन्याला दोन हजार जादा मागितले. 1 ऑगस्ट 2001 चा शासन निर्णय आहे, नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही आणि महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. मी झेरॉक्स काढून मीटिंगमध्ये दिली, हिशोब 190 रुपये निघाला. सहा महिने माझ्याशी कोणी बोललं नाही. बॅचलर नको, नॉनव्हेज नको हे पण चालूच असतं, मी बाई असून चार मुलांना घर दिलं म्हणून मलाच चारित्र्याचे प्रश्न! ती चार मुलं घर जितकं स्वच्छ ठेवून गेली तितकं एकाही फॅमिलीने ठेवलेलं नाही.

लॉकडाऊनमध्ये एप्रिल 2020 ला गृहनिर्माण विभागाने निदान तीन महिने भाडं पुढे ढकला अशी सूचना काढली. तेव्हा टेंभीपाड्याच्या रूममध्ये सलूनमध्ये काम करणारा होता, त्याचं सगळंच बंद. चार महिने निम्मं भाडं घेतलं, उरलेलं रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवलं. पेनाने लिहिलं असतं तर मागावं लागलं असतं. त्याने 2021 च्या दिवाळीपर्यंत पाचशे-हजार करत सगळं फेडलं आणि शेवटच्या वेळी माझ्यासमोर रबर मागून ते आकडे स्वतः पुसले.

आता चित्रच बदललंय. मुलुंड-भांडुप-विक्रोळीत जिकडे तिकडे रिडेव्हलपमेंट, त्यामुळे भाडेकरू म्हणून येतात ते जवळच्याच पाडलेल्या बिल्डिंगचे मालक. त्यांना मुलांची शाळा, देऊळ, भाजीवाला सोडायचा नसतो, बिल्डरकडून भाडं मिळत असतं, आणि ते अकरा नाही, छत्तीस महिन्यांचा करार मागतात. असे लोक सगळ्यात उत्तम, भिंतीत खिळा मारायला पण फोन करून विचारतात. उलटंही झालं. दिराचं विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं म्हाडाचं घरच पाडायला गेलं, तिथे चार वर्षं राहिलेलं कुटुंब होतं, त्यांना मी नवघर रोडच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि ब्रोकरेज वाचलं दोघांचं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पहिल्या दिवशी दूध आणि साखर पाठवली.

एक गोष्ट मात्र सासूबाईंकडून घेतली, कराराची मुदत एप्रिल-मेमध्येच संपेल अशी ठेवायची. शाळा बदलायच्या त्या तेव्हाच, आणि पितृपक्षात घर रिकामं झालं तर पंधरा दिवस कोणी बघायला सुद्धा येत नाही.

टेंभीपाड्याची रूम यंदा 30 एप्रिलला सुटतेय. पेंटरला सांगून ठेवलंय, मीटरच्या रीडिंगचा फोटो त्या दिवशी सकाळीच काढायचाय. कालच गावाहून एक फोन आला होता, कुडाळकडच्याच कोणाचा तरी भाचा, नोकरीला मुंबईत येतोय. सासूबाईंनी फोन माझ्याकडे देता देता त्याला विचारलं, "आधार कार्ड आसा मां तुझ्याकडे?"