लोणचे नासते ते नेमके कशामुळे?

कैरीच्या लोणच्याला बुरशी आली की आपल्याकडे पहिला दोष घालणाऱ्याच्या हाताला दिला जातो. ‘तिच्या हाताला यश नाही’ असे म्हटले की विषय संपतो आणि पुढच्या वर्षी तीच चूक त्याच घरात पुन्हा होते. पाळीच्या दिवसांत बरणीला शिवू न देण्याची प्रथाही याच विचारातून आली आहे. तिला कसलाही आधार नाही, आणि ती मोडलेल्या घरांतली लोणची वर्षभर उत्तम टिकलेली मी पाहिली आहेत. लोणचे बिघडते ते बहुतेक वेळा ओलाव्यामुळे आणि चुकलेल्या मापामुळे.

माप चुकते ते प्रामुख्याने मिठाचे. मीठ फोडींतले पाणी ओढून बाहेर काढते, आणि त्या खाऱ्या, आंबट खारात जंतूंना वाढणे अवघड जाते. जुन्या पाककृतींत मीठ वाटीने मोजलेले असते, पण ते बहुधा जाडे मीठ असते. खड्यांमध्ये पोकळी राहत असल्यामुळे वाटीभर जाडे मीठ वाटीभर बारीक मिठापेक्षा वजनाला कमी भरते. त्यामुळे जुन्या मापाने बारीक मीठ घातले तर ते जास्त होते; उलट बारीक मिठाची पाककृती वाचून तितक्याच वाट्या जाडे मीठ घातले, की ते कमी पडते आणि ही उणीव पावसाळ्यात बुरशीच्या रूपाने दिसते. म्हणून मीठ तोलूनच घ्यावे, एक किलो फोडींना साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम. रक्तदाबामुळे मीठ कमी करायचे असेल तर जरूर करावे, परंतु मग ते लोणचे थोडेच घालून फ्रिजमध्ये ठेवावे. कमी मिठाचे लोणचे फडताळात वर्षभर टिकावे ही अपेक्षा चुकीची आहे.

ओलावा मात्र अनेक वाटांनी येतो. कैऱ्या धुऊन पुसल्या तरी देठाच्या खळग्यात पाणी राहते. बरणी उन्हात वाळवली जाते, पण काचेच्या बाटलीच्या झाकणाचे आटे कोणी बोट फिरवून पाहत नाही, आणि तिथला थेंब नेमका पहिल्यांदा बाटली कलती केल्यावर आत उतरतो. झाकण पत्र्याचे असेल तर मीठ आणि आंबटपणा त्याला खातात व आतल्या कडेला तांबूस गंज धरतो; चिनी मातीच्या बरणीला दादरा, म्हणजे तोंडावर फडके, बांधण्याची जुनी पद्धत या बाबतीत जास्त शहाणपणाची होती. मृग लागण्यापूर्वी लोणचे उरकण्याचा आग्रहही याच कारणाने असे, कारण पावसात भिजलेली कैरी आणि दमट हवा या दोन्ही गोष्टी टळतात.

आता मोहरीविषयी, कारण इथली चूक टिकण्यापेक्षा चवीची अधिक आहे. मोहरीच्या डाळीत झणका तयार स्थितीत नसतो. मोहरी फुटून तिला ओलावा मिळाला की तिच्यातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तो निर्माण होतो. फेसलेली मोहरी नाकात जाते ती त्यामुळेच. कडकडीत फोडणी थेट मोहरीच्या डाळीवर ओतली तर ते विकर उष्णतेने निकामी होते, झणका येतच नाही आणि कडसरपणा तेवढा मागे राहतो. हा झणका जंतूंनाही रोखतो, म्हणजे चवीबरोबर टिकाऊपणालाही थोडा धक्का बसतोच. हिंग, हळद आणि मेथीपूड गरम तेलात पडली तरी चालते. मोहरीची डाळ आणि तिखट मात्र तेल पूर्ण निवल्यावरच मिसळावे.

तेलाबद्दलचा गैरसमज असा, की तेलाने जंतू मरतात. तेल केवळ हवा अडवते. चार-आठ दिवसांत फोडी खाली बसतात, काही वर डोकावतात, आणि बुरशी धरते ती नेमकी या उघड्या फोडींवर. तेव्हा आठवड्याने बरणी उघडून पाहावी आणि गरज पडल्यास तेल कडकडीत तापवून, गार करून वरून घालावे.

एकदा बुरशी आली की वरचा थर काढून खालचे लोणचे वापरण्याचा मोह होतो, विशेषतः बरणी मोठी असेल तर. तो आवरावा, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असू शकतात आणि काही बुरश्या विषारी द्रव्येही तयार करतात. नुसत्या मऊ पडलेल्या फोडींची गोष्ट वेगळी आहे. पाड लागू लागलेली कैरी घेतली की असे होते. वास आणि रंग ठीक असतील तर ते लोणचे खुशाल खावे, दहीभाताबरोबर तर ते अधिकच बरे लागते.