मागून तिसरं तास

परवा दुपारी लाइट गेली तेव्हा लॅपटॉपमध्ये थोडाच जीव उरला होता. कापूस वेचणाऱ्या बायांचा किलोकिलोचा हिशोब ठेवायला मी पायथॉनमध्ये घरापुरता एक प्रोग्रॅम लिहिलाय. त्यात प्रत्येकीचे शेवटचे तीन दिवस पाहिजे होते. चौकटी कंसात उणे तीन, म्हणजे मागून तिसरा, पुढे उभी दोन टिंबं, म्हणजे तिथून शेवटापर्यंत, झालं काम. यादी केवढी लांब आहे हे विचारायचीही गरज नाही.

आमचे आबा असंच सांगत. "पोट्ट्या, नाल्याकडच्या धुऱ्यापासून तिसरं तास पाय, वायकं लागले असतीन." वावरात एकूण तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, किती, हे त्यांनाही ठाऊक नसावं. मी मेलो घराकडच्या धुऱ्यापासून मोजत निघायचो, चाळीस-पन्नासात कुठंतरी चुकायचो, परत पहिल्यापासून. "मांगून मोज ना बाप्पा!" बांधावरून आबा ओरडायचे. पऱ्हाटीच्या पानांआड वायकं, म्हणजे काकडी, सापडायचं ते अंगाला माती लागलेलं, गारेगार. शर्टाला पुसायचं, देठाकडून चाखायचं, कडू निघालं तर बैलाला.

प्रोग्रॅमची दुसरी भाषा जावास्क्रिप्ट, ते माझ्यासारखंच. चौकटी कंसात उणे एक मागा, मख्खपणे 'अनडिफाइंड' म्हणतं. आधी लांबी काढा, त्यातून एक वजा करा, मग शेवटचा भेटतो. 2022 च्या आवृत्तीत मागून मोजायची 'अ‍ॅट' नावाची सोय झाली, पण कंस अजून तसाच ठोंब्या.

पायथॉनही फार शहाणं नाही म्हणा. एका काकूची सगळी मजुरी चुकती झालेली, म्हणून प्रोग्रॅमनं शेवटचे शून्य दिवस मागितले. उणे शून्य म्हणजे शून्यच! त्यानं पहिल्यापासून अख्खा हंगाम बाकी दाखवला. काकू मोबाइलमध्ये डोकावून म्हणाल्या, "एवढे देता का मंग?" आई आतून म्हणाली, वहीच बरी होती.

संध्याकाळी वावरात गेलो. ताईच्या लग्नात नाल्याकडचं दीड एकर विकलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सहज मागून मोजलं. तिसरं तास विहिरीपाशी येतं.