तीस रोपांचा घोळ: माझा अनुभव

तासगावाकडं आमचा सत्तावीस गुंठ्यांचा एक तुकडा आहे, वर निमुळता आणि ओढ्याकडं पसरत गेलेला. द्राक्ष लावायचं ठरलं, नऊ बाय पाचवर, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट आणि दोन रोपांत पाच फूट. आखणीत पहिल्या ओळीला ९ रोपं बसली, पुढं प्रत्येक ओळीला २ जास्त, आणि ओढ्याकाठच्या शेवटच्या ओळीला ५१.

नर्सरीतला माणूस वहीतून मान वर न करता म्हणाला, "मालक, गुंठ्याला २४ धरा. ६५० लिहू?" मला असले ढोबळ हिशेब चालत नाहीत. लेक दहावीला, अंकगणिती श्रेढी (सारख्याच फरकानं वाढत जाणारे आकडे, त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक पद) घरात रोज चाललेली. पहिलं आणि शेवटचं पद मिळवा, पदांच्या संख्येनं गुणा, निम्मं करा. पहिली ओळ अधिक शेवटची, ९ आणि ५१, झाले ६०. दुसरी आणि शेवटून दुसरी, ११ आणि ४९, पुन्हा ६०. जोड्या लावत गेलं की सगळ्या सारख्याच येतात, म्हणून सूत्र चालतं. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये हे सांगून ठेवलंय, मग मी कशाला चुकतोय! ऐटीत सांगितलं, "मोजून ६३०."

लागणीच्या दिवशी शेवटच्या ओळीत निम्म्यातच रोपं संपली. ३० कमी.

बांधावर बसून तीनदा हिशेब केला. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. रोपं चोरीला गेली म्हणून गड्यावरही संशय घेऊन झाला (त्याची नंतर माफी मागितली). संध्याकाळी लेकीनं विचारलं, "पप्पा, ओळी किती धरल्या?" पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत टेप १८९ फूट, भागिले ९, म्हणून २१. ती हसली. "ही तर मधली अंतरं झाली. ओळी २२." २१ ला ६० नं गुणून निम्मे केले की ६३०, २२ नं केले की ६६०. त्या नर्सरीवाल्याचा अंदाज माझ्या सूत्रापेक्षा जवळचा निघाला, हे अजून टोचतंय.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं, घात होतो तो पदांच्या संख्येत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत पहिल्या पदाला आदि, वाढीला चय आणि पदांच्या संख्येला गच्छ म्हटलंय. माझा गच्छच चुकला. शेवटच्या पदातून पहिलं वजा करा, वाढीनं भागा आणि वर १ मिळवा. ५१ वजा ९ म्हणजे ४२, भागिले २ म्हणजे २१, अधिक १.

अजून एक, तेव्हा सुचायला हवं होतं: एकविसाव्या ओळीत किती रोपं येतात ते काढून बघायचं. ९ अधिक २० वेळा २, म्हणजे ४९. रानात तर ५१ दिसतायत. दोन मिनिटांत चूक सापडली असती. आणि टेप लावण्याआधी फक्कीच्या (पांढऱ्या पुडीनं ओळींसाठी आखलेल्या) रेघा चालत मोजा, पायांना वजा-अधिक करावं लागत नाही.

उरलेली ३० रोपं आणायला गेलो तर नर्सरीत "पुढच्या लॉटला बघू" म्हणून तीन आठवडे लटकवलं. कलम करायच्या वेळी बाकीचे खुंट (आधी लावलेली ही रोपं, ज्यांवर द्राक्षाचं कलम बांधतात) पेन्सिलीएवढे जाड, ही तीस अजून काडीसारखी. ओढ्याकाठच्या ओळीचं कलम सगळ्यात शेवटी झालं.