कवठाची जेली: तीन घाणे, त्यातला एक जमलेला

महाशिवरात्रीच्या आधीचा आठवडा म्हणजे कवठांचा. एरवी मंडईत कोपऱ्यातल्या टोपलीत पडून राहणारं हे फळ त्या चार दिवसांत ढिगाने येतं, उपवासाच्या चटणीपुरतं खपतं आणि मग पुन्हा कुणी विचारत नाही. जेलीचे घाणे याच दिवसांत लावावेत. विकतचं पेक्टिन (फळांतला, जेली घट्ट बसवणारा पदार्थ) न घालता घट्ट बसणारी जेली मोजक्याच देशी फळांची होते. कवठ त्यांतलं एक. पण सगळी फळं झाडून पिकलेली घेतली तर हाती पाकच येतो. पहिल्या घाण्यात नेमकं तेच झालं.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरून ठेवू. इंग्रजीत ‘वुड अ‍ॅपल’ हे नाव कवठालाही लावतात आणि बेलालाही. दोन्ही लिंबाच्याच कुळातली, पण प्रकार वेगळे. बेलाचं पान तीन दलांचं, कवच गुळगुळीत, गर पिवळा-केशरी, गोड आणि चिकट. कवठाच्या पानाला सहसा पाच ते सात पर्णिका, कवच खरबरीत आणि राखाडी-पांढरं, गर तपकिरी आणि आंबट. बाहेरची पाककृती किंवा पोषणाचा तक्ता वाचताना फळ कोणतं ते आधी तपासा. बेलाच्या गराला खालची मापं लागू पडत नाहीत.

फळं आणि निवड

१२ कवठं, एकूण ३.२ किलो. लहान, आंबट जातीची. मोठी आणि गोडसर कवठं नुसती खायला छान, पण जेलीला आंबटच हवीत. फोडून बियांसकट गर निघाला १.५ किलो, म्हणजे निम्म्याहून थोडा कमी. बाकी कवच आणि शिरा.

पिकलेलं ओळखायला फूटभर उंचीवरून फरशीवर सोडा. कच्चं उसळतं, पिकलेलं ‘थप्प’ करून जागीच बसतं. देठाशी नाक लावलं की वासानेही कळतं. अर्धपिकं यांच्या मधलं: जरासं उसळतं, वास पुसट, फोडल्यावर गर फिका आणि कवचाला धरून बसलेला. कच्ची कवठं पिकवायची तर आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवायची. कवचाला तडा गेलेलं फळ घेऊ नका. तड्याच्या रेषेत आत पांढरी बुरशी धरते, आणि ते फोडल्यावर आंबूस दारूसारखा वास आला तर अख्खं फळ टाका. बुरशीपुरता भाग काढून उरलेला वापरायचा मोह इथे नको.

फोडायला वरवंटा किंवा बत्ता घ्या. फळ ओल्या फडक्यावर ठेवून मध्यावर एकच नेमका घाव. ठोकत बसलं की कवचाच्या कपच्या गरात शिरतात आणि मग त्या वेचत बसावं लागतं. गर स्टीलच्या चमच्याने काढा आणि स्टीलच्याच पातेल्यात शिजवा. लोखंडी कढई अजिबात नको. गरातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाशी भिडलं की रंग काळपट होतो आणि चवीला धातू लागतो. कल्हई नसलेलं पितळ आणि ॲल्युमिनियमही बाजूला ठेवा.

पहिला घाणा: पाक झाला

पूर्ण पिकलेला गर ५०० ग्रॅम, पाणी १ लिटर. मंद आचेवर २५ मिनिटं उकळून मलमलच्या दुहेरी फडक्यात रात्रभर टांगला. सकाळी रस मिळाला ७५० मिली. तळाचा गाळ हलवू न देता वरचा निवळ रस ओतून घेतला.

पेक्टिनची परीक्षा साधी आहे. चमचाभर थंड रसात दोन चमचे रेक्टिफाइड स्पिरिट (तीव्र अल्कोहोल) घालून भांडं हलकेच फिरवायचं. एकसंध गोळा जमला तर पेक्टिन भरपूर, दोन-तीन गुठळ्या झाल्या तर मध्यम, नुसता चुरा दिसला तर कमी. तपासलेला चमचाभर रस फेकून द्या, चाखू नका. या रसात चुरा दिसला. तरी साखर रसाच्या बरोबरीने, ७५० ग्रॅम घातली. पहिली चूक इथे झाली. पेक्टिन कमी असेल तर साखर रसाच्या निम्मीच पेलते.

दुसरी चूक तापमानाची. पुस्तकांत जेलीचा बिंदू १०४ ते १०५ अंश देतात, तो समुद्रसपाटीचा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे इथे १०४ गाठेपर्यंत साखरेचं प्रमाण जेलीला लागणाऱ्या ६५ टक्क्यांच्या बरंच पुढे गेलेलं असतं. घाणा बसला नाहीच, वर आठव्या दिवशी बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे धरले. मापाचा आकडा पाठ करण्यापेक्षा त्याच थर्मामीटरने, त्याच जागी, आधी साधं पाणी उकळून पाहा आणि त्यात साडेचार अंश मिळवा. अलिबागला आणि महाबळेश्वरला तो आकडा वेगळा येणारच.

बसत का नाही? फळ फार पिकलं की त्याच्यातली विकरंच (एन्झाइम्स) पेक्टिन तोडतात. तुटक्या साखळ्यांचं जाळं विणलं जात नाही, मग कितीही आटवा. हा पाक फुकट नाही गेला: एकास चार पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घातली की सरबत होतं.

दुसरा घाणा: बसला

पिकलेला गर ३३० ग्रॅम, अर्धपिका १७० ग्रॅम. पाणी आणि उकळण्याचा वेळ तोच. रस ७५० मिली, परीक्षेत एकच गोळा. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) पट्टीवर ३.५ च्या आसपास दिसलं. जेलीला ३.० ते ३.३ हवा, म्हणून सायट्रिक ॲसिड दीड ग्रॅम घातलं.

साखर ५६० ग्रॅम, म्हणजे रसाच्या पाऊणपट. रस आधी उकळला, मग साखर घालून विरघळेपर्यंत आच मंद, त्यानंतर एकदम मोठी. पातेलं रुंद आणि निम्म्याच्या वर न भरलेलं, कारण फेस चांगला हातभर चढतो. मळी फक्त शेवटी काढली. सतत काढत बसलं की रसही जातो. १८ मिनिटांत १०२.५ अंश आले आणि आच बंद.

थर्मामीटर नसेल तर वजन करा. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. ५६० ग्रॅम साखर आणि रसातला थोडा घनभाग धरून ६५ टक्क्यांला माल साधारण ९१५ ग्रॅम भरतो. काट्यावर पातेलं वजा करून तो आकडा आला की उतरवा. पळीवरची परीक्षाही घ्यावी: तिरक्या पळीच्या कडेवरचे दोन थेंब एकमेकांना मिळून पदरासारखे लोंबून सुटले की जेली झाली. वेगवेगळे टपकत असतील तर अजून दोन मिनिटं.

उकळत्या पाण्यात १५ मिनिटं ठेवून कोरड्या केलेल्या बाटल्यांत गरम असतानाच, बाटलीच्या कडेने ओतली. उंचावरून ओतलं की बुडबुडे अडकतात. २४ तास हलवायची नाही, बाटली वाकडी करून ‘बसली का’ पाहायचं नाही. रंग लालसर, दिव्यासमोर धरला तर माणकासारखा. सुरी लावली तर कड स्वच्छ कापली जाते, चिकटत नाही.

तिसरा घाणा: गढूळ, आणि पाणी सुटलं

प्रमाण दुसऱ्यासारखंच, बदल मुद्दाम दोनच केले: फडकं पिळून घेतलं आणि सायट्रिक ॲसिड ४ ग्रॅम घातलं. पिळल्याने रस शंभर मिलीने वाढला, पण गराचे बारीक कण उतरून जेली गढूळ झाली. जास्त आम्लामुळे ती फार झपाट्याने, पातेल्यातच धरू लागली आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत वर पाण्याचा थर. पेक्टिनचं जाळं आवळून आतलं पाणी बाहेर टाकतं, त्याला इलाज नाही. चवीत फरक नाही, फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवायची.

रस वाढवायचाच तर पिळू नका. चोथ्यात अर्धा लिटर पाणी घालून पुन्हा १५ मिनिटं उकळा आणि दुसरा रस पहिल्यात मिसळा. परीक्षा मात्र मिसळल्यानंतर पुन्हा घ्या.

चटणी, आणि आरोग्याची बाजू

जेली आरोग्यासाठी खातोय असं कुणी म्हणू नये. तिच्यात दोन-तृतीयांश साखर आहे आणि गराचा चोथा फडक्यातच राहिलेला. कवठाचे गुण हवे असतील तर अख्खा गर पोटात गेला पाहिजे, म्हणजे चटणी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम गरात कॅल्शियम १३० मिलिग्रॅम आणि तंतू ५ ग्रॅम दिलेत. प्रथिनं ७ ग्रॅम दिसतात ती मुख्यतः बियांमुळे, बिया काढल्या तर तो आकडा विसरा. आणि आंबट आहे म्हणून सी जीवनसत्त्व भरपूर असेल हा समज चुकीचा: तक्त्यात जेमतेम ३ मिलिग्रॅम. त्यासाठी आवळा. आयुर्वेदात कच्चं कवठ स्तंभक (जुलाब थांबवणारं) म्हणून वापरतात, टॅनिनमुळे ते तुरटही लागतं. ज्यांना मुळात बद्धकोष्ठ आहे त्यांनी कच्च्याच्या वाटेला जाऊ नये.

चटणीला पिकलेला गर २५० ग्रॅम, चिरलेला गूळ २०० ग्रॅम, तिखट एक चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, मीठ. हाताने कालवायची. मिक्सरमध्ये फिरवली की बिया फुटतात आणि कडवटपणा येतो. तो गुळाने झाकत नाही. बारीकच हवी असेल तर गर आधी पुरणाच्या चाळणीवर घासून बिया वेगळ्या करा. फ्रीजमध्ये चार दिवस राहते.

पुढचा घाणा

उरलेल्या अर्धपिक्या फळांवर गुळाची जेली करून पाहायची आहे: साखरेतला चौथा हिस्सा गूळ. धोका असा की गूळ करताना रसात चुन्याची निवळी घातलेली असेल तर तो आम्ल मारतो आणि जेली सैल पडते. म्हणून गूळ विरघळल्यावर गाळायचा, पट्टी पुन्हा लावायची आणि ३.३ च्या खाली येईपर्यंत सायट्रिक ॲसिड पाव-पाव ग्रॅमने वाढवायचं. रंग काळपट येणार हे धरून चालायचं.