सात क्रिट शर्यती : पायांपेक्षा जागा महत्त्वाची कशी ठरली

या हंगामात मी एकूण सात क्रायटेरियम (क्रिट) शर्यतींत, म्हणजे छोट्या बंदिस्त मार्गावर फेऱ्या मारायच्या सायकल शर्यतींत, उतरलो. पहिल्या तिन्ही शर्यतींत घोळक्यामागे पडलो, चौथीत शेवटपर्यंत टिकलो पण घोळक्याच्या शेपटाला लोंबकळत, पाचवीत पंक्चर झाले, सहावीत नववा आलो आणि सातवीत हातातोंडाशी आलेला घास स्वतःच्याच घाईने घालवला. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची काही वर्षांची सवय असूनही सुरुवात इतकी वाईट का झाली, याचा हिशेब मांडण्यासाठी ही नोंद लिहीत आहे. क्रिटमध्ये नव्याने उतरणाऱ्यांना त्यातली आकडेमोड उपयोगी पडेल असे वाटते.

आमच्या गटाच्या शर्यतीचे स्वरूप 40 मिनिटे अधिक 3 फेऱ्या असे असते. मार्ग बंदिस्त, सुमारे 1 किलोमीटरचा आणि चार काटकोनी वळणांचा. चाळीस मिनिटे होत आली की उरलेल्या फेऱ्यांचा आकडा फलकावर दिसू लागतो, शेवटच्या फेरीला घंटा होते, आणि जो फार मागे पडतो त्याला पंच मार्गाबाहेर काढतात. पहिल्या शर्यतीत माझ्यावर ती वेळ सतराव्या मिनिटाला आली, आणि घोळका तर अकराव्या मिनिटालाच सुटला होता.

घरी येऊन पॉवर मीटरची, म्हणजे पेडलवरची शक्ती मोजणाऱ्या उपकरणाची, नोंद पाहिली तेव्हा मी चक्रावलो. तासभर 255 वॅट धरता येणारा मी, सरासरी फक्त 231 वॅटवर कोलमडलो होतो. नॉर्मलाइज्ड पॉवर मात्र 278 होती. हा दुसरा आकडा तीस सेकंदांच्या सरकत्या सरासरीला चौथ्या घातापर्यंत नेऊन काढतात, त्यामुळे त्यात जोरदार उसळ्यांचे वजन फार वाढते. क्रिटमध्ये सायकलपटू एक तर पेडल न मारता वळणातून जात असतो किंवा वळणाबाहेर पडून 600-700 वॅटने झेप घेत असतो. मधला सुखाचा प्रदेश जवळजवळ नसतोच. म्हणून मी असा निष्कर्ष काढला की माझ्या पायांना अशा उसळ्यांची सवय नाही, आणि सहा आठवडे 40 सेकंद जोर व 20 सेकंद विसावा या पद्धतीचे सराव केले. तासाची क्षमता 255 वरून 268 वॅटवर गेली. त्या काळात झालेल्या दुसऱ्या शर्यतीत एकोणिसाव्या मिनिटाला सुटलो, आणि सराव पूर्ण झाल्यावरच्या तिसऱ्या शर्यतीत चोविसाव्या.

त्या दिवशी आमच्यासोबत सराव करणारे एक जुने सायकलपटू कठड्याशी उभे राहून शर्यत पाहत होते. ते म्हणाले, "अहो, तुमच्या पायांत काही कमी नाही. तुम्ही चाळिसाव्या चाकावर (म्हणजे घोळक्यात चाळिसाव्या जागी) बसता, आणि पहिल्या दहांतल्यांपेक्षा दुप्पट शर्यत करता." मला ती बोलण्याची पद्धत वाटली. आकडे मांडल्यावर ते शब्दशः खरे निघाले.

स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन धरा. पुढची मंडळी वळणात ताशी 36 किलोमीटरपर्यंत उतरतात आणि बाहेर पडून 42 गाठतात. त्यासाठी गतिज ऊर्जेत साधारण 1440 ज्यूलची भर घालावी लागते. मागे मात्र प्रत्येक जण समोरच्यापेक्षा थोडा उशिरा आणि थोडा जास्त ब्रेक दाबतो, आणि हा थोडेपणा साठत जाऊन शेपटाला वेग 27 पर्यंत घसरतो. तिथून 42 गाठायला सुमारे 3190 ज्यूल लागतात. म्हणजे प्रत्येक वळणाला सुमारे 1750 ज्यूलचा भुर्दंड. एकोणतीस फेऱ्यांत 116 वळणे येतात. त्यांची बेरीज 200 किलोज्यूलच्या पुढे जाते, आणि ती पाऊण तासाच्या आत बसवली तर सरासरी 75 वॅटपेक्षा जास्त भार होतो. सहा आठवडे घाम गाळून मी मिळवले होते 13 वॅट! मागे वाऱ्यापासून आडोसा अधिक मिळतो हे खरे, पण चांगल्या आडोशासाठी चाळिसावे चाक लागत नाही. आठव्या-दहाव्या चाकावरही वाऱ्याशी झुंजण्याची शक्ती बऱ्यापैकी वाचते.

मग पुढे बसायचे. सांगायला सोपे, कारण पन्नास जणांना तेच हवे असते. घोळक्यात जागा टिकवणे असा प्रकारच नाही, हे मला चौथ्या शर्यतीत कळले. दोन्ही कडांनी लोक सतत पुढे सरकत असतात, त्यामुळे जो जागचा हलत नाही तो प्रत्यक्षात मागे जात असतो. पुढे सरकण्याची योग्य वेळ म्हणजे वेग मंदावतो तो क्षण, विशेषतः समोरून वारा येणाऱ्या सरळ पट्ट्यावर, जिथे पुढचे कोणीही ओढायला तयार नसतात आणि घोळका रुंद पसरतो. तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या कडेने दहा सेकंद जोर लावला की आठ-दहा जागा मिळतात. घोळका एका रांगेत ताणला गेलेला असताना हाच प्रयत्न केला तर तिप्पट शक्ती खर्च होऊन तीन जागा पदरात पडतात. चौथ्या शर्यतीत मी बहुतेक वेळा नेमका हाच उद्योग केला.

वळण घेण्याची भीती हे माझ्या मागे पडण्याचे दुसरे आणि अधिक खोलवरचे कारण होते. एका मोकळ्या वाहनतळावर पाण्याच्या बाटल्या मांडून मी दर आठवड्याला तासभर एकच वळण घेत राहिलो. हात हँडलच्या खालच्या वळशात, कोपरे सैल, ब्रेक वळणाच्या आधी पूर्ण करून सोडलेले, बाहेरचे पेडल खाली, शरीराचा भार त्याच पायावर आणि नजर वळणाच्या शेवटाकडे, एवढेच घोकले. ताशी 36 किलोमीटरने 20 मीटर त्रिज्येचे वळण घेताना सुमारे 27 अंश झुकावे लागते. त्रिज्या 15 मीटर झाली तर 34 अंश. बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी रेषा घ्यायला शिकवतात ती याचसाठी, कारण तिने त्रिज्या वाढते. शर्यतीत मात्र ही सुंदर रेषा तुमच्या मालकीची नसते. शेजारी तिघे असतात, आणि आतून शिरलेल्याने आतूनच बाहेर पडायचे असते. मोकळ्या वाहनतळाची रेषा जो घोळक्यात वापरतो तो स्वतः पडत नाही, इतरांना पाडतो. पुढच्याच्या मागील चाकाला आपले पुढचे चाक बाजूने लागले की जमिनीवर जाणारा बहुधा आपणच असतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून समोरच्याच्या चाकाकडे न पाहता त्याच्या कमरेपलीकडे पाहण्याची सवय लावली.

साहित्यातील बदलांपैकी एकच खरोखर उपयोगी पडला. 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये 100 पीएसआय हवा भरत होतो, ती सोडून 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये 72 पीएसआय भरू लागलो, आणि खडबडीत वळणावर मागचे चाक उसळणे थांबले. क्रँक (पेडलचा दांडा) मात्र 172.5 मिलिमीटरवरून 170 केली ती निव्वळ हौस होती; अडीच मिलिमीटरने पेडल जमिनीला घासायचे टळत नाही, वळणात पेडल न मारल्याने टळते.

पाचव्या शर्यतीतील पंक्चरबद्दल थोडक्यात. अशा वेळी एक फेरी माफ होते; आपण सुटे चाक ठेवलेल्या जागी जायचे आणि घोळका पुन्हा आला की त्यात शिरायचे. ही सवलत शेवटच्या काही फेऱ्यांत मिळत नाही आणि माझ्या चाकातली हवा नेमकी तेव्हाच गेली.

सहाव्या शर्यतीत पहिल्यांदा मी बहुतेक वेळ पहिल्या पंधरांत होतो. मधल्या बक्षीस-फेरीची, म्हणजे प्रीमची, घंटा झाली तेव्हा धावलो नाही. त्यासाठी झेपावलेले लोक दमलेले असतानाच पुढचा हल्ला होतो हे दोनदा पाहिले होते, आणि तसेच झाले. चौघे निसटले, मी त्यांच्या मागच्या तुकडीत नववा आलो. सरासरी 226 वॅट, नॉर्मलाइज्ड 249. पहिल्या शर्यतीत अकरा मिनिटांत जे झेपले नाही, त्यापेक्षा कमी भारात पूर्ण शर्यत झाली होती.

सातवीत शेवटच्या फेरीला मी चौथ्या चाकावर होतो. त्या मार्गावर शेवटच्या वळणापासून अंतिम रेषा 250 मीटर आहे. शांतपणे चौथ्या जागीच वळण घ्यायला हवे होते, पण डावीकडून दोघे येताना दिसले आणि मी वळणाच्या 200 मीटर आधीच वाऱ्यात झेप घेतली. वळणातून पहिला बाहेर पडलो, मागे चार जणांना आडोसा देत. तीस सेकंदांच्या पुढे ती झेप टिकणार नव्हती, आणि रेषेपासून साठ मीटरवर पाय दगडासारखे झाले. सहावा आलो. पुढची शर्यत ज्या मार्गावर आहे तिथे शेवटच्या वळणानंतर जेमतेम 120 मीटर उरतात, त्यामुळे तिथे वळणाआधी पहिल्या तिघांत असणे भाग आहे. गेल्या दोन रविवारी मी त्या एकाच वळणावर, दोन्ही बाजूंनी शिरून, रेषेपर्यंतची सेकंदे मोजत आहे.